आजी थँक्यू का म्हणत नाही?

पिल्लू,

काल गाडीत तू विचारलंस आणि मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणून टाळलं. आता रात्रपाळीत तीनचा चहा घेऊन बसलेय, वॉर्ड शांत आहे, म्हणून लिहिते. एखादा शब्द अडला तर बाबांना विचार.

तुझं म्हणणं असं, की यवतमाळची आजी जेवायच्या आधी येशूचे आभार मानते, अगदी मिठाचेसुद्धा. मग तू पाण्याचा पेला नेऊन दिलास तेव्हा तुला साधं थँक्यू का नाही?

मी नर्सिंग शिकायला नागपूरला गेले आणि पहिल्याच सुट्टीत नवंकोरं थँक्यू तोंडात घेऊन गावी आले. मायनं ताटात भाकर टाकली, मी थँक्यू म्हटलं. ती चुलीपुढून वळून म्हणाली, "काऊन वं, पाहुनी हायेस का तू?" पुन्हा घरात तो शब्द काढला नाही.

आपल्या मराठी प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असं आहे. तू ब्रेड म्हणतेस तेव्हा तुला पाकिटातले काप दिसत असतील. मायला तव्यावर फुगलेली ज्वारीची भाकर दिसते, पेरणीपासूनची. आणि मागणं फक्त आजचं. तरी कोठीत वर्षाची ज्वारी भरल्याशिवाय तिला झोप लागत नाही, हेही खरं. आजी फार समाधानी आहे असं लोक म्हणतात, मला ते पुरतं पटत नाही.

2017 साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. हिरवंगार, भरलेलं बोंड फोडलं की आत किडकी सरकी आणि एवढीशी गुलाबी अळी. मायनं मला फोनवर तेवढंच सांगितलं आणि रडली. देवालाही दोन शब्द सुनावले असणार. त्याच हंगामात चर्चमध्ये पिकाचा सण होता. त्या दिवशी लोक शेतातलं काही ना काही वेदीपुढे ठेवतात, उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या कामाला. एरवी माय कापसाची टोपली न्यायची. त्या वर्षी परसातलं एक कोहळं नेलं. पाळकांनी बायबलमधलं वचन घेतलं, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा', म्हणजे आभार माना. मला फोनवर ऐकूनच राग आला. माय म्हणाली, "स्थितीत म्हनलं हाय, स्थितीबद्दल नाई." अळीबद्दल कोण आभार मानेल? आठवी शिकलेल्या बाईनं हे एका अक्षरावरून ओळखलं.

कोहळ्याचं पुढं गंमत झाली. ज्यानं घेतलं त्यानं परत लिलावात ठेवलं, दुसऱ्यानंही तेच केलं. तीनदा विकलं गेलं आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या हातून मायच्याच ओट्यावर आलं. ती थँक्यू म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचीच भाजी काकूंच्या गंजात भरून पाठवली. आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत जात नाही.

आता तुझा पेला. पाणी पिऊन आजीनं तुझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवले, मग स्वतःच्या कानशिलांवर बोटं टेकवून कडकड मोडली. आठवतं? तू घाबरून मला विचारलंस, "आजीचं डोकं मोडलं का?" ते तुझ्यासाठीच होतं गं. तुझ्यावरची इडापिडा तिनं स्वतःवर घेतली. मिशनच्या शाळेत शिकलेल्या माझ्या आत्याला ही अंधश्रद्धा वाटायची, पण बोटं तीही मोडायची.

शाळेत थँक्यू म्हणत जा, तिथं तीच रीत आहे. आणि हो, खालच्या मजल्यावरच्या काकूंची वाटी ओट्यावर आहे, शाळेतून आलीस की देऊन ये. शंकरपाळे वरच्या डब्यात आहेत. अर्धी नको, काठोकाठ भर.

तुझी आई