पणजोबांची पिंपे आणि पणजीचे दुकान

प्रश्न : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या घराण्याविषयी वाचताना, ‘आयर्लंडहून रिकाम्या हातांनी आलेल्या पणजोबांच्या कष्टाळूपणामुळे हे घराणे वर आले’ असे विधान वारंवार आढळते. हे पणजोबा कोण होते, आणि कष्टाची वृत्ती खरोखरच पिढ्यान्‌पिढ्या वारशाने मिळते का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : या विधानात एक अडचण आहे. पणजोबा पॅट्रिक केनेडी अमेरिकेत जेमतेम दहा वर्षे जगले आणि त्यांच्या मागे सांगण्याजोगी मालमत्ता उरली नाही. घराणे उभे राहिले ते त्यांच्या पत्नीच्या हिमतीवर, असे माझे मत आहे. पण वंशावळ सांगताना पणजोबा पुढे येतात आणि पणजी मागे राहते, हे आपल्याकडेही काही नवीन नाही.

पॅट्रिक हे वेक्सफर्ड परगण्यातील न्यू रॉस गावाजवळच्या डंगनस्टाउन येथील कुळाने शेती करणाऱ्या कुटुंबातले धाकटे मुलगे. शेत थोरल्या भावाकडे जाणार हे ठरलेले असल्यामुळे त्यांनी लाकडी पिंपे बनवण्याचा कसब शिकून घेतला. हे काम दिसते तितके सोपे नाही. फळ्यांना दोन्ही टोकांकडे निमुळता आकार द्यायचा, त्या उष्णतेने नरम करून वाकवायच्या आणि खिळा किंवा सरस न वापरता केवळ धातूच्या कड्यांनी अशा आवळायच्या, की आतला द्रवपदार्थ थेंबभरही झिरपू नये. १८४५ पासून बटाट्यावर पडलेल्या रोगामुळे आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या लोंढ्याच्या काळातच पॅट्रिकही बोस्टनला पोहोचले. बंदराला लागून असलेल्या पूर्व बोस्टनमध्ये त्यांनी आपल्याच धंद्यात काम धरले, आणि सप्टेंबर १८४९ मध्ये वेक्सफर्डहूनच आलेल्या ब्रिजेट मर्फी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पाच मुले झाली. त्यांतला एक मुलगा तान्हेपणीच गेला. २२ नोव्हेंबर १८५८ रोजी पॅट्रिक वारले, तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास होते आणि धाकटा मुलगा पॅट्रिक जोसेफ अवघा दहा महिन्यांचा होता. (त्यांचा पणतू १०५ वर्षांनी नेमक्या याच तारखेला डॅलसमध्ये गोळ्यांना बळी पडला. योगायोगापलीकडे त्यात काही शोधू नये.)

तीन मुली आणि एक तान्हे मूल पदरी असलेली ही विधवा अशा शहरात राहत होती, जिथे नोकरीच्या जाहिरातींतून आयरिश माणसांनी अर्ज करू नयेत असे उघड बजावले जाई. ब्रिजेटबाईंनी आधी मोलमजुरी केली आणि पुढे बॉर्डर स्ट्रीटवरचे एक लहानसे दुकान विकत घेतले. कागद, सुया-दोरे अशा किरकोळ वस्तूंपासून सुरुवात करून त्यांनी हळूहळू तिथे किराणा आणि मद्यही ठेवले. पिंपे बनवणाऱ्याचे उत्पन्न त्याचे हात चालतात तोवरच असते आणि ते हात थांबले की कुटुंबाच्या ताटातली भाकरीही थांबते. दुकानाचे तसे नसते, कारण त्याला गिऱ्हाईक असते, उधारी असते, ओळखी असतात, आणि या गोष्टी पुढच्या पिढीच्या हाती देता येतात. माझ्या दृष्टीने या घराण्याची खरी सुरुवात त्या दुकानापासून झाली.

मुलाने चौदाव्या वर्षी शाळा सोडून गोदीत मालाची चढउतार केली, पैसे साठवले आणि हेमार्केट चौकात मद्यालय घेतले. तिथे येणारा आयरिश कामगार मतदारही होता. त्याची नोकरी, त्याच्या घरचे आजारपण, त्याच्याकडचे मर्तिक या सगळ्यांत धावून जाणारा माणूस निवडून येणार हे उघड होते, आणि १८८० च्या दशकात पॅट्रिक जोसेफ मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात पोहोचले. १८९५ मध्ये त्यांनी इतरांसमवेत कोलंबिया ट्रस्ट ही बँक स्थापन केली. त्यांचा मुलगा जोसेफ हार्वर्डमध्ये शिकला आणि १९१४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याच बँकेचा अध्यक्ष झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन हे या जोसेफ यांचे चिरंजीव.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. कष्टाची वृत्ती रक्तातून उतरते असे मला वाटत नाही. मुले घरात जे पाहतात ते शिकतात, हे खरे; पण केनेडींच्या बाबतीत कष्टाइतकाच वाटा समाजाच्या संख्याबळाचा, वॉर्डातल्या राजकारणाचा आणि बँकेचा होता. ब्रिजेटबाईंच्या शेजारणींनीही तितकेच कष्ट केले असणार, आणि त्यांपैकी बहुतेकींची नातवंडे हार्वर्डला गेली नाहीत. शिवाय ब्रिजेटबाईंच्या तिन्ही मुली त्याच घरात, तेच कष्ट पाहत वाढल्या, तरी घराण्याच्या कथेत त्यांच्या नावांना जवळजवळ जागाच नाही.

मायदेशी राहिलेल्या शाखेकडेही पाहायला हवे. डंगनस्टाउनचे शेत त्याच घराण्याकडे राहिले आणि तिथली माणसे शेतीच करत राहिली. ती काही आळशी नव्हती. जून १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी तिथे गेले, अंगणात नातलगांबरोबर त्यांनी चहा घेतला. त्याच दिवशी न्यू रॉसच्या धक्क्यावर जमलेल्या लोकांना ते हसत म्हणाले, की पणजोबा हे गाव सोडून गेले नसते, तर आज आपण समोरच्या अल्बाट्रॉस कंपनीत कामाला असतो. ती कंपनी खते बनवीत असे.