तेजस्वी टोक खाली पडतंय? आधी व्हीमॅक्स तपासा

तुम्ही जवळच्या दीर्घिकांचं अवरक्त तेजस्विता फलन काढताय, म्हणजे अवकाशाच्या ठरावीक आकारमानात कोणत्या तेजस्वितेच्या किती दीर्घिका आहेत याचा वक्र. तुमची अडचण वाचताक्षणी ओळखीची वाटली. हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीची २५० मायक्रॉनची यादी, तिला जोडलेल्या गामा या वर्णपट-सर्वेक्षणातल्या ताम्रसृती (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला; जास्त म्हणजे जास्त दूर), ०.३५ पर्यंतचा नमुना, १/व्हीमॅक्स पद्धत (दीर्घिका ज्या कमाल आकारमानात दिसू शकली असती ते व्हीमॅक्स, आणि तिचं वजन त्याच्या व्यस्त). आणि १०० अब्ज सूर्यांच्या तेजस्वितेपुढे तुमचा वक्र आयरास या अवरक्त उपग्रहाच्या जुन्या वक्राखालून जातोय. तुम्ही धुळीच्या तापमानाला दोष देताय. तापमान चुकलं तर तेजस्विता सरकते, हे खरं. पण तुमचा कोड न पाहताही मी आधी व्हीमॅक्स तपासायला सांगेन.

तुम्ही लिहिलंय की प्रत्येक दीर्घिकेचं कमाल अंतर २५० मायक्रॉनच्या फ्लक्स-मर्यादेवरून (आपल्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या मर्यादेवरून) काढलं. पण तुमच्या नमुन्यात येण्यासाठी दीर्घिकेला दोन चाळण्या पार कराव्या लागतात. ती हर्शेलला दिसली पाहिजे आणि तिचा वर्णपट मिळण्यासाठी आर-पट्ट्यात (तांबड्या प्रकाशात) १९.८ प्रतीपेक्षा तेजस्वीही असली पाहिजे (प्रतीचा आकडा जितका लहान तितकी तेजस्वी). धूळ दृश्य प्रकाश गिळते आणि तोच अवरक्तात बाहेर टाकते, म्हणजे धुळकट दीर्घिका पहिल्या चाळणीत सहज टिकते आणि दुसरीत अडकते.

आकड्यांत बघा. समजा एक दीर्घिका ०.१५ ताम्रसृतीवर आहे, फ्लक्स १४० मिलिजान्स्की (फ्लक्सचं एकक), मर्यादा ३५. चौपट फ्लक्स म्हणजे ती दुप्पट अंतरावरूनही दिसेल, आकारमान ८ पट. आता तिची आर-प्रत १९.४ धरा. मर्यादेपर्यंत ०.४ प्रतीच शिल्लक, म्हणजे अंतर १.२ पट आणि आकारमान जेमतेम १.७४ पट. के-दुरुस्ती (ताम्रसृतीमुळे पट्ट्यात वेगळी तरंगलांबी येते, तिची भरपाई) आणि विश्वप्रसरण बाजूला ठेवलं तरी या एका दीर्घिकेचं वजन तुम्ही ४.६ पट कमी धरलंत. तेजस्वी टोकाच्या कप्प्यात पाच-सात दीर्घिका असतात; त्यातल्या दोन अशा निघाल्या की वक्र पडलाच. कमाल अंतर दोन्ही मर्यादांमधलं लहान घ्या, शिवाय ०.३५ ची वरची सीमाही लावा. के-दुरुस्ती दोन्हीकडे वेगळी: २५० मायक्रॉनला ती तुम्हाला मदत करते, आर-पट्ट्यात उलट जाते.

बदल केल्यावर व्ही/व्हीमॅक्सची सरासरी काढा (व्ही म्हणजे दीर्घिकेच्या प्रत्यक्ष अंतरापर्यंतचं आकारमान). नमुना एकसारखा पसरलेला असेल तर ती ०.५ यावी, ३०० दीर्घिकांना अनिश्चितता सुमारे ०.०१७. ती बरीच कमी आली तर व्हीमॅक्स अजून फुगलेला आहे. थोडी जास्त आली तर बहुधा उत्क्रांती: ताम्रसृती ०.३ म्हणजे जवळपास साडेतीन अब्ज वर्षं मागे, आणि तेव्हा या दीर्घिका स्पष्टपणे अधिक तेजस्वी होत्या. उत्क्रांती टोक वर उचलते, म्हणून तुमची खरी तूट दिसते त्याहून मोठीही असू शकेल. माझं मत ठाम आहे: 'शेजारचं' फलन म्हणायचं तर ०.१ ला थांबा. गामाच्या विषुववृत्तीय क्षेत्रांत, सुमारे १६० चौरस अंशांत, तिथवर साधारण १२ लाख घन मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) मिळतात. १,००० अब्ज सूर्यांपुढच्या दीर्घिका इतक्या विरळ आहेत की त्यात एखादी तरी सापडेल याची खात्री नाही. तेवढ्या भागासाठी आयरासचा संपूर्ण आकाशाचा ६० मायक्रॉन नमुनाच घ्या.

दृश्य प्रकाशातल्या वक्रांना नेहमी बसवतात ते शेक्टर फलन इथे बसवू नका. त्याचं घातांकी टोक फार उभं पडतं आणि अवरक्त फलन तसं पडत नाही. सॉन्डर्स आणि सहकाऱ्यांचं १९९० चं, टोकाला हळू उतरणारं रूप वापरा. जुन्या निबंधाशी तुलना करताना हबल स्थिरांक (विश्वप्रसरणाचा दर) आधी एक करा. ७५ आणि ७० मधल्या फरकानेच संख्याघनता २३ टक्के बदलते.

यादीच्या अपूर्णतेबद्दल, म्हणजे तिच्यातून निसटलेल्या स्रोतांबद्दल, थोडं रागानेच लिहितो. दुसऱ्याच एका सर्वेक्षणाच्या मदतकक्षाकडे पूर्णतेचा नकाशा मागितला, तर 'प्रसिद्ध यादी वापरा' एवढंच उत्तर आलं. नुसत्या यादीवरून काय निसटलं ते कळत नाही, आणि तेच कळल्याशिवाय हे मोजमाप होत नाही. अशा उत्तराची वाट पाहू नका. हर्शेलच्या नकाशात स्वतः कृत्रिम स्रोत सोडा, २० ते २०० मिलिजान्स्की, एका वेळी मोजकेच, नाहीतर तेच एकमेकांवर चढतात. मग तीच शोधप्रणाली चालवा. मर्यादेजवळ फ्लक्स किती फुगतो तेही यातूनच कळेल.

हर्शेलचा स्रोत कोणत्या दृश्य दीर्घिकेला जोडला, ती जुळणीही एकदा बघा. २५० मायक्रॉनचा बीम (दुर्बिणीला एका बिंदूचा दिसणारा ठिपका) १८ विकलांचा आहे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), त्यात दोन-तीन दृश्य दीर्घिका सहज येतात. जवळच्या दीर्घिकेचा फ्लक्स २५०, ३५०, ५०० असा उतरत जातो. ३५० ला शिखर दिसलं तर स्रोत बहुधा मागचा आहे आणि पुढची दीर्घिका कदाचित आपल्या गुरुत्वाने भिंगाचं काम करतेय. अशी एकही राहिली तर तेजस्वी कप्पा बिघडतो. शंका असलेल्यांसाठी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा जुना विदासंग्रह चाळा. रेडिओला धूळ आडवी येत नाही, आणि १.४ गिगाहर्ट्झजवळ काही विकलांच्या आत स्थान मिळतं.