कातडं फळीसारखं कडक झालं, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार. ओळखीच्या परवानाधारक शिकाऱ्याकडून हरणाचं कातडं मिळालं, ते केसांसकट कमवायचं होतं. दोन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत तसंच राहिलं, मग मीठ लावलं, तुरटी आणि मिठाच्या पाण्यात आठवडाभर भिजवलं आणि उन्हात ताणून वाळवलं. आता पोटाकडचे केस हात लावला की पुंजक्याने निघतात आणि कातडं फळीसारखं कडक झालंय. तुरटी कमी पडली का? टाकून देऊ का?

उत्तर : टाकू नका हो! आधी एक बघा, कडेचा तुकडा भिजवून दोन्ही हातांनी जोरात ओढा, फाटला नाही तर कातडं जिवंत आहे असं समजा.

तुरटीचा यात काही दोष नाही. केसांचं नशीब त्या दोन दिवसांतच ठरलं होतं, कारण कातडं अंगावरून उतरलं की लगेच जिवाणू कामाला लागतात, आणि बंद पिशवीत ऊब आणि ओल दोन्ही असते म्हणजे त्यांची मजाच, ते केसांच्या मुळाशी पोचले की नंतर काहीही लावा केस परत धरत नाहीत. पोटाकडचं कातडं पातळ म्हणून सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. पुढच्या वेळी कातडं हातात आल्या आल्या आतली चरबी, मांस, पापुद्रा सगळं खरवडून काढा आणि बारीक मीठ हात राखून नाही, भरभरून चोळा, कातड्याच्या वजनाच्या निम्मं तरी लागतंच, आणि उतरत्या फळीवर ठेवा म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जाईल. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवीन लावायचं. चरबी राहिली तर तिच्याखाली मीठ पोचतच नाही, बहुतेक नवखे इथेच घाई करतात.

आता हातातल्या कातड्याचं. माझं ऐका, केसांचा नाद सोडा आणि सगळे केस काढून मऊ बिनकेसांचं कातडं करा, शिकायलाही हेच बरं. आधी गार पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत भिजवा, पाणी बदलत राहा, तुरटी पक्की बसलेली नसते त्यामुळे बरीचशी धुऊन निघेल. गरम पाणी अजिबात नको, ओलं कच्चं कातडं साधारण 60 अंशांच्या पुढे गेलं की आक्रसतं आणि परत पूर्ववत होत नाही. मग लाकडाच्या राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवा, हातमोजे घालूनच, रोज हलवा, उरलेले केस सहज ओढून निघायला लागले की बाहेर काढा. गुळगुळीत गोल ओंडक्यावर टाकून बोथट पात्याने खरवडा, आणि इथे नुसते केस काढून थांबू नका, केसांखालचा तो वरचा चिवट थर पण पूर्ण निघाला पाहिजे, तो राहिला तिथे पुढचं मिश्रण आत शिरणार नाही आणि तेवढा भाग कडक राहील. भरपूर धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका म्हणजे राहिलेला चुना निघेल.

मग डझनभर अंड्यांचा बलक, थोडं तेल आणि हाताला कोमट लागेल इतकंच गरम पाणी, असं मिश्रण करा. जुन्या पद्धतीत प्राण्याचाच मेंदू वापरतात, काम तेच होतं, दोन्हींत तेल पाण्यात मिसळवून ठेवणारं लेसिथिन असतं. पण काही भागात हरणांना मेंदूचा रोग असतो म्हणून मी तर अंडीच सांगते. भिजवा, पिळा, ताणा, असं दोनतीनदा.

आणि आता खरं काम! कातडं मऊ होतं ते मिश्रणाने नाही, वाळताना हलवत राहिल्याने. तंतू ओले असतात तोवर एकमेकांवर सरकतात, तसेच सोडून दिले तर वाळताना चिकटून बसतात, तुमचं फळीसारखं झालं ते म्हणूनच, त्यात उन्हाने वरची बाजू फटकन वाळली असणार. सावलीत बसा, दोरावर नाहीतर फळीच्या कडेवर घासा, सगळ्या दिशांना ओढा, चार-पाच तास सहज जातात, मान सगळ्यात जाड म्हणून शेवटी वाळते. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत अजून ओल आहे. मध्येच उठावं लागलं तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, उद्या पुढे चालू. तरीही कडक झालं तर परत भिजवून परत मिश्रण लावा, त्यात काही बिघडत नाही, मला तर पहिलं कातडं तीन वेळा करावं लागलं होतं.

प्रश्न : मऊ झालं की झालं ना? पाणी लागलं तर चालेल?

उत्तर : नाही, धुरी दिल्याशिवाय नाही, भिजलं की पुन्हा कडक होईल. कातड्याची पिशवी शिवा, खाली भुसभुशीत कुजलेलं लाकूड धुमसत ठेवा, ज्वाळ अजिबात नको, आणि जागचं हलू नका कारण क्षणात पेट घेतं. धुरातली अल्डिहाइड नावाची रसायनं तंतूंना बांधून टाकतात. रंग आतून बाहेरपर्यंत आला की उलटं करून दुसरी बाजू. मग भिजलं तरी वाळताना थोडं चोळलं की परत मऊ.