मुलगी जज झाली तरी तुमचा दावा तिच्यापुढे चालणार नाही

प्रश्न : मुलीला बारावीला ७८ टक्के आहेत. आता हायकोर्ट कोल्हापूरला आलंय, तर तिला लॉ करून तिथेच जज करायचं ठरवलंय. परीक्षा कोणती? आमच्या जमिनीच्या वाटणीचं अपीलही तिथेच पडून आहे. ती नुसतं ‘बघू’ म्हणते. – एक पालक, जि. सांगली

उत्तर : पत्राची दोन पानं भरलीत. त्यातलं दीड पान गट नंबर, सातबारा आणि चुलतभावांनी घातलेला बांध यांवर आहे. मुलीच्या वाट्याला एक शब्द आलाय, तो म्हणजे ‘बघू’. वडिलांपुढे सरळ ‘नाही’ म्हणायची सोय नसली की मुली असंच म्हणतात. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून तुम्ही वैतागलात, हे कळतं. पण त्याची वसुली अठरा वर्षांच्या पोरीकडून कशाला? आणि जज झालीच, तरी वडिलांच्या प्रकरणात तिला बसता येणार नाही. तुम्हाला गरज आहे ती चांगल्या वकिलाची.

आता मोठा गैरसमज. कोल्हापूरला वेगळं हायकोर्ट झालेलं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झालं ते मुंबई उच्च न्यायालयाचंच सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सहा जिल्ह्यांसाठी. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथली खंडपीठंही त्याच न्यायालयाची. राज्यघटनेच्या कलम २१४ने प्रत्येक राज्याला उच्च न्यायालय दिलं, पण कलम २३१ने दोन राज्यांना मिळून एकही चालतं. म्हणून तर गोवा आपल्याबरोबर आहे. हायकोर्ट जजची परीक्षा नसते. किमान दहा वर्षं वकिली किंवा न्यायिक सेवा झालेल्यांतून कॉलेजियम, म्हणजे वरिष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ, नावं सुचवतं आणि नेमणूक राष्ट्रपती करतात, तीही सहसा चाळिशीनंतर. कुठल्या खंडपीठावर बसायचं ते मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, आणि कलम २२२खाली बदली थेट दुसऱ्या राज्यातही होते. घराजवळची नोकरी म्हणून याकडे बघू नका.

परीक्षा असते ती खालच्या न्यायालयांसाठी : प्रवेशासाठी सीईटी, पाच वर्षं लॉ, तीन वर्षं वकिली, मग एमपीएससीची जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा.

पण फॉर्म इतक्यात भरू नका. मुलीला स्वतःच्या हाताने मला लिहू द्या आणि ते पत्र तुम्ही वाचू नका. तिने लॉच म्हटलं, तर कॉलेजांची नावं तिलाच कळवीन. दुसरं काही म्हणाली, तर त्यावर बोलू. तोवर तुम्ही वकिलाला गाठून अपील बोर्डावर कधी येणार ते विचारा.