पेपर सुटल्यावर जुळवलेली उत्तरे : रसायनशास्त्राची प्रश्नोत्तरे

रसायनशास्त्राची परीक्षा आटोपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ‘हे कसे सोडवायचे’ असे विचारणारे विद्यार्थी ‘माझे बरोबर की मैत्रिणीचे’ असे विचारू लागतात. अशा पत्रांपैकी ज्यांत निव्वळ धास्तीपलीकडे काही रसायनशास्त्रही आहे, ती येथे घेतली आहेत.

प्रश्न : हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अतिविरल द्रावणाचा सामू (pH) विचारला होता, संहती (द्रावणाची तीव्रता) १० चा उणे ८ वा घात मोलार, म्हणजे लिटरमागे तेवढे मोल (मोल हे पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक). वर्गातल्या जवळजवळ सर्वांनी ८ लिहिले, माझे उत्तर ६.९८ आले. एवढ्या जणांचे उत्तर सारखे असताना माझेच चुकले असे समजायचे का?

उत्तर : तुमचेच उत्तर बरोबर आहे. आम्ल कितीही विरल केले तरी त्याचे द्रावण आम्लारिधर्मी होणार नाही, एवढा विचार केला असता तर २५ अंश सेल्सिअसला ८ हे, म्हणजे शुद्ध पाण्याच्या ७ च्या वरचे, उत्तर कागदावर उतरण्यापूर्वीच संशयास्पद वाटले असते. गोम अशी की संहतीचा घातांक पाहून चिन्ह बदलायचे आणि सामू लिहायचा, ही सवय नेहमीच्या उदाहरणांत उत्तम चालते. येथे मात्र पाण्याच्या स्वतःच्या आयनीभवनातून येणारे हायड्रोजन आयन आम्लापासून मिळणाऱ्या आयनांपेक्षा जास्त असतात आणि त्यांना वगळून चालत नाही.

तुमच्या वर्गात बहुधा ६.९६ हे तिसरे उत्तरही कोणी तरी लिहिले असेल. त्या विद्यार्थ्याने शुद्ध पाण्यातील १० चा उणे ७ वा घात आणि आम्लाचा १० चा उणे ८ वा घात यांची सरळ बेरीज केलेली असते. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा बरीच वरच्या दर्जाची आहे, कारण त्याला पाण्याची आठवण झाली. फक्त आम्ल मिसळल्यावर पाण्याचे आयनीभवन काहीसे दबते, हे ध्यानात आले नाही. पाण्याचा आयनिक गुणाकार (हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींचा ठरावीक गुणाकार) वापरून वर्गसमीकरण सोडवले की हायड्रोजन आयनांची संहती १.०५ गुणिले १० चा उणे ७ वा घात येते आणि सामू ६.९८ मिळतो.

बहुमताविषयी एवढेच सांगतो की, चाळीस जणांनी एकाच सवयीने एकच उत्तर काढले असेल तर तो चाळीस स्वतंत्र साक्षीदारांचा पुरावा ठरत नाही. असे प्रश्न त्या सवयीची परीक्षा पाहण्यासाठीच घातलेले असतात, त्यामुळे चुकीच्या उत्तरावर एकमत होणे येथे अपेक्षितच असते.

प्रश्न : ३ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून जास्तीत जास्त किती पाणी मिळेल, या गणिताला आम्हा तिघांची १८, १९ आणि २७ ग्रॅम अशी उत्तरे आली आहेत. १९ लिहिणाऱ्याचे म्हणणे असे की, वस्तुमान अक्षय्य असते.

उत्तर : वस्तुमान अक्षय्य असते हे खरे आहे, पण त्यावरून सगळ्याचेच पाणी होते असे ठरत नाही. हायड्रोजन दीड मोल आहे आणि ऑक्सिजन अर्धा मोल. अर्ध्या मोल ऑक्सिजनला एकच मोल हायड्रोजन पुरतो. म्हणजे ऑक्सिजन हा लिमिटिंग रिएजंट (आधी संपून किती पदार्थ बनेल ते ठरवणारा घटक) आहे, पाणी एक मोल, अर्थात १८ ग्रॅम तयार होते आणि १ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. १८ आणि १ मिळून १९ होतात, तेव्हा तुमच्या मित्राचा नियमही अबाधित राहतो. फक्त त्याने तो भांड्यातील एकूण वस्तुमानाऐवजी एकट्या पाण्याला लावला.

२७ ग्रॅमचे उत्तर हायड्रोजन पूर्ण संपतो असे धरून आलेले आहे. ते मला अधिक खटकते, कारण १९ ग्रॅम पदार्थांपासून २७ ग्रॅम पाणी मिळू शकत नाही, हे पाहायला लिमिटिंग रिएजंट माहीत असण्याचीही गरज नव्हती.

प्रश्न : प्रमाण तापमान व दाबाला ११.२ लिटर वायू म्हणजे किती मोल? मी ०.५ लिहिले, मैत्रिणीने ०.४९३. ती गणितात चुकणारी नाही, म्हणून अधिकच काळजी वाटते.

उत्तर : दोघींचेही गणित बरोबर आहे, व्याख्या वेगळ्या आहेत. पूर्वी प्रमाण दाब म्हणजे १ वातावरण धरला जाई आणि ० अंश सेल्सिअसला आदर्श वायूच्या एका मोलचे आकारमान २२.४ लिटर येई. आययूपॅक या रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार, म्हणजे १०० किलोपास्कल केला. हा दाब किंचित कमी असल्यामुळे आकारमान २२.७ लिटर होते. अनेक पुस्तकांतून जुना आकडा अजून गेलेला नाही. तुमच्या पाठ्यपुस्तकात किंवा प्रश्नपत्रिकेवरील स्थिरांकांच्या यादीत जो आकडा दिला असेल तोच ग्राह्य धरला जाईल. ११.२ हा आकडा २२.४ च्या नेमका निम्मा आहे, यावरून प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होते याचा अंदाज करता येतो. तरीही दाबाचा उल्लेख न करता असा प्रश्न घालणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : इथेनच्या ज्वलनाची एन्थाल्पी (जळताना होणारा उष्णतेचा बदल) मी उणे १५६० किलोज्यूल लिहिली आणि मित्राने उणे ३१२०. त्याचे उत्तर माझ्या बरोबर दुप्पट आहे.

उत्तर : मग त्याचे समीकरणही दुप्पट असणार. ऑक्सिजनपुढचा साडेतीन हा अपूर्णांक टाळण्यासाठी त्याने इथेनचे दोन मोल घेतले असतील. प्रश्न ‘प्रति मोल’ असा असेल तर तुमचे उत्तर बरोबर आहे. त्याने लिहिलेल्या समीकरणासाठी विचारले असेल तर त्याचे.

प्रश्न : बहुपर्यायी भागात मी ‘ब’ लिहिलेल्या पाच प्रश्नांना मैत्रिणीने ‘ड’ लिहिले आहे. पाच गुण गेले का?

उत्तर : आधी दोघींच्या प्रश्नपत्रिकांचे संच एकच होते का ते पाहा. संच बदलला की प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रमही बदललेला असू शकतो. अक्षरे न जुळवता पर्यायातील मजकूर जुळवावा.

प्रश्न : टायट्रेशनच्या (माहीत असलेल्या संहतीचे द्रावण किती लागले यावरून दुसऱ्याची संहती काढण्याच्या) गणितात २५.० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्लाला ०.१०० मोलार सोडिअम हायड्रॉक्साइड २४.३ मिलिलिटर लागले. मी आम्लाची संहती ०.०९७२ मोलार काढली. नंतर कळले की ती ०.०४८६ हवी होती. पुढच्या उपप्रश्नात हीच संहती ग्रॅम प्रति लिटरमध्ये मागितली होती. तेही गेले का?

उत्तर : आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो हे विसरल्यामुळे उत्तर दुप्पट आले. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सरावाची उदाहरणे हातात बसलेली असली की असे होते. पहिल्या उपप्रश्नाचे अंतिम उत्तराचे गुण जातील, मात्र सूत्र आणि आकारमानांचा वापर यांना वेगळे गुण असतील तर ते सगळेच जाण्याचे कारण नाही.

दुसऱ्या भागात ९८ ने, म्हणजे या आम्लाच्या एका मोलच्या ग्रॅममधील वस्तुमानाने, गुणून तुम्हाला ९.५३ मिळाले असेल. बरोबर उत्तर ४.७६ आहे. अनेक गुणदान योजनांमध्ये एका चुकीची शिक्षा दोनदा करत नाहीत आणि आधीचे चुकीचे उत्तर घेऊन पुढची रीत बरोबर केली असेल तर त्या रीतीचे गुण देतात. परंतु त्यासाठी ती रीत उत्तरपत्रिकेत दिसली पाहिजे. गणकयंत्रावर गुणाकार करून केवळ ९.५३ लिहिले असेल, तर तो आकडा कोठून आला हे परीक्षकाने ओळखावे अशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणून मित्रांशी पडताळून पाहताना आपण कोणत्या पायऱ्या लिहिल्या होत्या ते आठवा. तुमच्या गुणांचा अंदाज त्यावरून अधिक नीट येईल.

प्रश्न (एका पालकांचा) : परवा भौतिकशास्त्राचा पेपर आहे आणि मुलगी रसायनशास्त्राची उत्तरे फोनवर जुळवत बसली आहे. तिला थांबवावे का?

उत्तर : थांबवावे, पण ओरडून नाही. दिलेले उत्तर आता बदलणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तिला अनिश्चितता सोसवत नाही, म्हणून ती फोन सोडत नाही. ज्या दोन-तीन प्रश्नांची रुखरुख आहे ते प्रश्न, आपण वापरलेल्या आकड्यांसह आणि पायऱ्यांसह, तिला एका कागदावर उतरवून ठेवायला सांगा. परीक्षा संपल्यावर तो कागद शिक्षकांना दाखवता येईल आणि एखादा प्रश्नच सदोष निघाला, तर हरकत नोंदवतानाही त्याचा उपयोग होईल.