यूकेमधलं २८ टक्क्यांचं पर्सनल लोन ०% क्रेडिट कार्डने फेडावं का?

तुम्ही लिहिलंय की लेस्टरला येऊन दोन वर्षं झाली, आल्या आल्या घराचं डिपॉझिट आणि गाडी यासाठी लोन घेतलं, अजून साडेचार हजार पौंड बाकी आहेत आणि कामावरचा एकजण म्हणतोय ०% कार्ड काढ नि मोकळा हो. करता येतं, मी स्वतः केलंय, माझं लोन २७.९% एपीआरचं (म्हणजे फी धरून वर्षाचा व्याजदर) होतं. फक्त ते "मोकळा हो" डोक्यातून काढा, कर्ज तेवढंच राहतं, एका ठिकाणचं उचलून दुसरीकडे ठेवायचं आणि काही महिने व्याज लागत नाही इतकंच.

सगळ्यात आधी कार्ड कुठलं ते बघा, कारण मी इथेच चुकलो. मी बॅलन्स ट्रान्सफरचं कार्ड घेतलं, ॲपमध्ये पैसे वळवायला गेलो तर १६ आकडी कार्ड नंबर मागायला लागलं, आता लोनला कार्ड नंबर कुठून आणू? बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे साधारणपणे एका कार्डाची उधारी दुसऱ्या कार्डावर. लोन फेडायला मनी ट्रान्सफरवालं कार्ड लागतं, त्यात पैसे तुमच्या करंट अकाउंटला येतात आणि तिथून तुम्ही लोन भरता. अशी कार्डं कमी आहेत, ०% ची मुदतही बॅलन्स ट्रान्सफरपेक्षा कमी असते, आणि ३-४ टक्के फी लागते. एटीएममधून कॅश काढणं म्हणजे मनी ट्रान्सफर नव्हे, त्यावर त्याच दिवसापासून व्याज लागतं.

आता माझा हिशोब सांगतो. लोन बाकी ४,००० पौंड, २० हप्ते, महिना २४६, म्हणजे अजून ९२० पौंड व्याज जाणार होतं. वाटलं होतं सगळं एकदम उडवू, पण कार्डाचं लिमिटच २,६०० आलं, आणि लिमिट किती ते बहुतेकदा अर्ज मंजूर झाल्यावरच कळतं. मग २,४०० वळवले, फी ९६, झाले २,४९६, मला १२ महिने ०% मिळालं होतं म्हणून महिना बरोबर २०८. उरलेल्या १,६०० चा लोनचा हप्ता साधारण ९९. म्हणजे आधी २४६ जात होते ते वर्षभर ३०७ जायला लागले! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, सगळे फक्त वाचलेलं व्याज सांगतात. ते साठ पौंड मी महिन्यातून एक शनिवार जास्त काम करून काढले. फी वगैरे जाऊन साडेतीनशे-चारशे पौंड वाचले, आमच्या घरात ही छोटी रक्कम नव्हती.

तेव्हा अर्ज करायच्या आधी लोनवाल्यांना फोन करून सेटलमेंट फिगर, म्हणजे आज लोन फेडायचं तर किती भरावे लागतील तो आकडा, मागा. मुदतीआधी पूर्ण किंवा थोडं लोन फेडायचा हक्क कायद्यानेच आहे, ते नाही म्हणू शकत नाहीत, पण त्यासाठी महिन्या-दोन महिन्यांचं व्याज लावू शकतात. तो आकडा, वर कार्डाची फी, आणि त्यासमोर उरलेल्या हप्त्यांची बेरीज, हे एका कागदावर मांडा. फरक शे-दीडशेचाच असेल तर कशाला नादी लागता. मग एलिजिबिलिटी चेकर (कार्ड मिळण्याची शक्यता किती ते अर्जाआधी दाखवणारं ऑनलाइन साधन) वापरा, त्याने क्रेडिट फाइलला, म्हणजे तुमच्या उधारीच्या नोंदीला, धक्का लागत नाही, उगाच चार ठिकाणी अर्ज करत बसू नका. आणि एक, आपण भारतीय पासपोर्टवाले कॉमनवेल्थ (राष्ट्रकुल) नागरिक म्हणून इथल्या मतदार यादीत नाव घालू शकतो, त्याने कार्ड मिळायला मदत होते, माझं नाव तीन वर्षं नव्हतं कारण मला वाटायचं मतदान फक्त इथल्या नागरिकांना.

कार्ड आल्यावर खरी परीक्षा आहे बरं का. पहिल्याच स्टेटमेंटवर मिनिमम पेमेंट तीसेक पौंड दिसलं, आणि त्याच आठवड्यात गावाकडून फोन आला की आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, क्षणभर वाटलं या महिन्यात तीसच भरू. बायकोने तेव्हाच बसून पगाराच्या दुसऱ्या दिवशी २०८ ची स्टँडिंग ऑर्डर (बँक दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप पाठवते ती) लावली, मिनिममचं डायरेक्ट डेबिटही (कार्ड कंपनी स्वतः खात्यातून पैसे घेते ते) ठेवलं म्हणजे तारीख चुकायला नको (चुकली तर ०% काढून घेऊ शकतात), आणि कार्ड पासपोर्टच्या फाइलमध्ये टाकलं. त्यावर एक दुधाची बाटलीसुद्धा घेतली नाही, खरेदीला ते ०% असेलच असं नाही. आईच्या ऑपरेशनचे पैसे दादाने घातले, मी नंतर त्याला दिले.

मुदतीत फिटणार नसेल तर मात्र करू नका, नंतर तेच कार्ड पंचवीस टक्क्यांच्या वर जातं. आणि आत्ताच हप्ते चुकत असतील तर कार्डाच्या मागे न लागता स्टेपचेंज किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थांना फोन करा, फुकट आहे, आपली माणसं लाजेपायी तिथे फार उशिरा जातात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, तिकडे हे करायला जाऊ नका. तिकडचे ४५-५० बिनव्याजी दिवस फक्त खरेदीला आहेत, कार्डावरून कॅश काढली की अडीच टक्क्यांच्या आसपास फी आणि पहिल्या दिवसापासून महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज, वर १८% जीएसटी. नाशिकच्या माझ्या मावसभावाने दोन कार्डं फिरवत पर्सनल लोनचे हप्ते भरले, आठ महिन्यांत लोन होतं तिथेच आणि दोन्ही कार्डं भरलेली.

सेटलमेंट फिगर आली की इथे टाका, किती हप्ते उरलेत तेही लिहा, मी हिशोब करून देतो.