बाभळीचा काटा आणि मुरमाची वाट

प्रश्न : शहाद्याहून तोरणमाळकडे मुरमाच्या रस्त्यांनी, पायवाटांनी सायकल न्यायची आहे. टायर ४० मिमीचे, पण बाभळीच्या काट्यांनी ट्यूब सारखी बसते. काय करावं?

उत्तर : रिम आणि टायर ट्यूबलेसचे, म्हणजे ट्यूबविना हवा धरणारे असतील तर ट्यूब काढाच. प्रत्येक टायरात ६० ते ८० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, घाला. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी बघा. काटा उपसला की भोक खाली आणून क्षणभर थांबा, म्हणजे सीलंट तिथं जमतं. ७० किलोच्या स्वाराला पुढे ३०, मागे ३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. जास्त हवेनं मुरमावर चाक उडतं. भोक बुजलंच नाही तर म्हणून जादा ट्यूब सोबत हवीच, पण घालण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवा. काट्याचं मोडलेलं टोक तिथंच रुतलेलं असतं. पावसात काळ्या मातीची वाट मात्र नकोच, चिखल फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, गच्च बसतो आणि चाकच फिरत नाही.